हॉस्टेलची बॅग : आधी फाइल, मग बादली

कॅप राउंडची अलॉटमेंट लागली, कॉलेज मिळालं, हॉस्टेलही मिळालं. आता घरात एकच चर्चा, काय काय न्यायचं? मामी म्हणते गादी ने, आजी डबे काढून बसलीये, आणि यूट्यूबवर कुणीतरी साठ वस्तूंची यादी वाचून दाखवतंय. फी नुकतीच भरलेली असते हो. त्यात ही खरेदी.

माझं सरळ म्हणणं आहे, जे तिथे मिळत नाही तेच घरून न्या. बादली, मग, हँगर, झाडू हे कॉलेजच्या गेटबाहेर मिळतंच. गादी हॉस्टेल देतं का, ते आधी फोन करून विचारा. एसटीच्या टपावर गादी भिजवत नेण्यात काही अर्थ नाही.

तिथे मिळत नाहीत ते कागद. दहावी-बारावीच्या मार्कशीट, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला; लागू असेल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमीलेयर. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा होतो, म्हणून देण्याआधी स्कॅन करा. झेरॉक्सचे चार-पाच सेट आणि डझनभर पासपोर्ट फोटो सोबत ठेवा.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच यादीत नसते. तुमच्या आधारला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय? खूप घरांत बाबांचा असतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना आधारचा ओटीपी त्याच नंबरवर जातो. तुम्ही पुण्यात नेट कॅफेत, बाबा शेतात, फोन घरी चार्जिंगला. बाबा घरी येईपर्यंत ओटीपी संपलेला! त्यामुळे निघायच्या आठवडाभर आधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर टाकून घ्या. तुमचं बँक खातंही आधारशी जोडलंय ना, बघा. शिष्यवृत्ती असो की पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. मेसचं बिल कशातून भरायचं हे ज्यांच्या घरी यावर ठरतं, त्यांनी हे आजच करा.

पाणी तापवायचा रॉड नेऊ नका. साधा रॉड १५०० वॅटचा असतो. खोलीतलं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट. प्लग वितळतो, नाहीतर अख्ख्या मजल्याची लाइट जाते. शिवाय बहुतेक हॉस्टेलांत बंदी असतेच. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र चांगला घ्या, दोघा-तिघांना एकच सॉकेट येऊ शकतं.

कपडे कमी, पण आतले कपडे आणि मोजे जास्त! ॲडमिशन पावसाळ्यात होते, खोलीत दोरीवर दोन-दोन दिवस काही वाळत नाही. रोजची औषधं महिन्याची न्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. खायला शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. लाडू न्या, पण ते पहिल्याच रात्री अख्खा मजला संपवणार, हे धरून चाला. ओळखी तशाच होतात.

फोनमध्ये यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन सेव्ह करा, १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालते.

आणि कपाटासाठी चांगलं कुलूप घ्या, तीन किल्ल्यांचं. एक तुमच्याकडे, एक रूममेटकडे, एक बॅगेच्या आतल्या कप्प्यात. घरी ठेवू नका, आई तिथून कुरिअर करेपर्यंत कुलूप फोडून झालेलं असतं.

तुमच्या बॅगेत काय आहे, व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटू पुढच्या भागात.