दाताची घडण आणि हिरडीचे आरोग्य

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद दंतवैद्य भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्यावर चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली. दंतवैद्य म्हटली की ती कीड, कवळी आणि टूथपेस्ट यांविषयीच बोलणार, अशी आपली समजूत असेल. मी मात्र आज दाताच्या आकाराविषयी बोलणार आहे. दात पांढरा की पिवळा, हे आपण आरशात रोज पाहतो. पण तो घडला कसा आहे आणि त्या घडणीचा हिरडीशी काय संबंध आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. चांगले न किडलेले दातसुद्धा केवळ हिरडी सुटल्यामुळे हालू लागतात आणि पडतात. म्हणून हा विषय निवडला.

आपल्या भांडी बाजारातली पितळी घागर डोळ्यांपुढे आणा. ती घासताना फुगीर पोट लगेच लखलखते, पण गळ्याजवळच्या खाचेत काळे राहते. तिथे चिंच घेऊन बोट मुद्दाम फिरवावे लागते. आता ही घागर पालथी धरा, म्हणजे खालच्या दाढेचे चित्र तयार झाले. वर फुगीर पोट, खाली आवळलेली मान, आणि त्या मानेला बिलगलेली हिरडीची कड. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटर खोल अशी बारीक चीर असते. तिच्याखाली हिरडी दाताला घट्ट चिकटलेली असते आणि त्याखाली हाड असते. या चिरेपाशी जंतूंचा चिकट थर रोज साचतो. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला तर हिरडी सुजते, ब्रश लागताच रक्त येते, थर कठीण होऊन त्याचे किटण बनते, आणि पुढे पुष्कळांच्या बाबतीत आतले हाड झिजू लागते.

दाताच्या घडणीतल्या तीन गोष्टी हिरडीला जपतात. पहिली म्हणजे त्याचे पोट. बाहेरच्या, म्हणजे गालाच्या व ओठाच्या बाजूला हा फुगवटा मानेच्या थोडा वर असतो आणि तो साधारण अर्धा मिलिमीटर असतो. म्हणजे नखाच्या जाडीएवढाच! दुसरी गोष्ट म्हणजे शेजारच्या दाताशी असलेला स्पर्श. दोन दात एकमेकांना लहानशा जागी टेकलेले असतात, त्यामुळे चावलेला घास त्यांच्यामध्ये घुसत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे त्या स्पर्शाखालची त्रिकोणी जागा. तिथे हिरडीचे टोक वर येऊन बसते आणि ती जागा भरून काढते.

हे टोक कितपत वर येईल, हे बरेचसे हाडावर अवलंबून असते. १९९२ साली अमेरिकेतील टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे मोजमाप प्रसिद्ध केले. दातांच्या स्पर्शापासून खालच्या हाडापर्यंतचे अंतर ५ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर जवळजवळ सर्व ठिकाणी हिरडीने जागा भरलेली आढळली. अंतर ६ मिलिमीटर झाले, की १०० पैकी ५६ ठिकाणीच भरलेली. ७ झाले, की केवळ २७. एकेका मिलिमीटरला एवढी किंमत आहे. हाड झिजले की टोक खाली बसते, दातांमध्ये काळी फट दिसू लागते आणि तिच्यात अन्न अडकते.

सगळ्यांचे दात सारखे नसतात, हेही ध्यानात घ्या. कोणाचे पुढचे दात चौकोनी असतात. त्यांचा परस्परांशी स्पर्श लांबट असतो, हिरडीचे टोक आखूड आणि हिरडी बहुधा जाड असते. कोणाचे दात त्रिकोणी असतात. त्यांचा स्पर्श कडेजवळच असतो, हिरडीचे टोक उंच आणि नाजूक असते. अशा दातांत फट लवकर दिसते. तेव्हा जावेच्या किंवा शेजारणीच्या हिरडीशी आपली तुलना करून कष्टी होऊ नये.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. व्यवसायाच्या आरंभीची गोष्ट आहे. एका शिक्षिकेच्या खालच्या दाढेवर मी टोपी बसवली. टोपी भक्कम होती, दिसायला सुबक होती. सहा महिन्यांनी बाई आल्या, तो त्या दाढेभोवतीची हिरडी लाल आणि सुजलेली. मी त्यांनाच म्हटले, “ताई, ब्रश नीट होत नाही तुमचा.” त्या काही बोलल्या नाहीत. घरी जाऊन अधिक जोराने घासू लागल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हाही मी तेच ऐकवले. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा खालच्या मानेने म्हणाल्या, “बाकीच्या सगळ्या दातांना तोच ब्रश आणि तोच हात, बाई. मग ह्याच दाढेला काय झालं?”

मी निरुत्तर झाले. टोपी काढून उजेडात धरली. तिचे पोट शेजारच्या खऱ्या दाढेपेक्षा कितीतरी फुगीर होते. त्याखाली ब्रशचा एक केसही पोहोचणे शक्य नव्हते. योग्य आकाराची तात्पुरती टोपी बसवली. पंधरवड्यात सूज उतरली आणि हिरडी पुन्हा फिकट गुलाबी झाली. दोष माझा होता आणि बोलणी मात्र त्यांनी खाल्ली होती.

आमच्या शास्त्राचेही असेच झाले आहे. पूर्वी असे शिकवीत, की दाताचा फुगवटा म्हणजे घराची वळचण. पागोळ्या जशा भिंतीपासून दूर पडतात, तसा घास हिरडीवरून दूर घसरतो. तेव्हा फुगवटा कमी पडला तर हिरडीला इजा व्हायची, असा समज होता. १९७१ साली कुत्र्यांच्या दातांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत फुगवटा कमी केलेल्या दातांभोवती हिरडीचे विशेष बिघडले नाही. फुगवटा वाढवलेल्या दातांभोवती मात्र ती सुजली. त्यामुळे कृत्रिम टोपी करताना पोट थोडे कमी चालेल, पण वाढता कामा नये, असे आता मानतात. वळचण फार पुढे आली तर भिंतीला ऊन लागत नाही आणि ओल धरते, हे आपल्या जुन्या वाड्यांत राहिलेल्यांना सांगायला नको.

जे टोपीचे, तेच दात भरण्याचे. दोन दातांमधली कीड काढून तिथे भरणी केली आणि शेजारच्या दाताशी स्पर्श नीट साधला नाही, तर प्रत्येक जेवणात मेथीची काडी किंवा मटणाचा धागा तिथेच शिरतो. मग आपण काय करतो? सेफ्टी पिन, केसातला आकडा, उदबत्तीची काडी, जे हाताला लागेल ते घेतो आणि हिरडीचे ते नाजूक टोक टोचून टोचून खाली दाबतो. जिथे रोज एकाच जागी अडकते, तिथे दोष बहुधा आकाराचा असतो. तो दुरुस्त करून घ्यावा.

काढलेल्या दाढेची जागा तशीच मोकळी ठेवण्याची आपल्याकडे फार सवय. “मागची तर आहे, कोणाला दिसते?” असे आपण म्हणतो. फडताळातल्या रांगेतला एक डबा काढला की शेजारचे कलंडतात. तसेच पुष्कळदा शेजारचे दात त्या जागेत झुकतात आणि समोरच्या ओळीतली दाढ तिथे उतरू लागते. स्पर्श सुटतात, नव्या फटी पडतात. एका दाढेचे दुखणे मग तीन-चार दातांच्या हिरडीला लागते.

मिश्रीविषयी बोलल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. तव्यावर भाजलेली तंबाखू बोटाने दाताच्या मानेशी रोज घासली, की हिरडी मागे सरते. मग मूळ उघडे पडते. मुळावर दाताच्या डोक्यावरचे ते कठीण कवच नसते आणि पोटाचा आडोसाही नसतो. घासून घासून तिथे खाचा पडतात. “मिश्रीने रक्त थांबते” असे पुष्कळ जणी सांगतात. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी दिसू शकते. रोग आत चालूच राहतो. तोंडाच्या कर्करोगाचे भय आहे ते निराळेच.

तर मैत्रिणींनो, मऊ ब्रश घ्या. त्याचे केस हिरडीच्या कडेकडे तिरपे धरा आणि घागरीच्या गळ्यासारखी ती खाच हलक्या हाताने साफ करा. दातांमध्ये दंतधागा फिरवा. फटी मोठ्या असतील तर त्यांच्यासाठी बारीक ब्रश मिळतात, ते वापरा. टोपी किंवा भरणी करून घ्याल तेव्हा दंतवैद्याला तीन प्रश्न विचारा : टोपीचे पोट शेजारच्या दाताएवढेच आहे ना? शेजारी नीट टेकले आहे ना? खालून ब्रश आणि धागा जाईल ना? धागा स्पर्शातून किंचित अडून आत जावा. तो फाटत असेल किंवा सैल निसटत असेल, तर तसे सांगा.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली आपल्याच शहरात स्थापन झाले. पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खर्च सहसा कमी येतो. तेव्हा हिरडीतून रक्त येत असेल, तर घरातल्या सर्वांचे आटोपल्यावर पाहू, असे म्हणून वर्ष घालवू नका. आणि नीट निगा राखूनही एकाच दाताची हिरडी सुजत असेल, तर मान खाली घालून परत जाऊ नका. त्या शिक्षिकाबाईंनी मला विचारला तो प्रश्न तुम्हीही विचारा. त्या प्रश्नाने त्यांची दाढ वाचली आणि माझ्या नंतरच्या कितीतरी रुग्णांच्या हिरड्याही वाचल्या.