चष्म्यातली शिकवणी आणि गटाचं कर्ज



घरातली पोरं हल्ली 'व्हीआर', 'एआर' असे शब्द बोलतात. हे प्रकार आता कामाच्या शिकवणीतही आलेत, म्हणून आज त्याबद्दल बोलू या.

व्हीआर म्हणजे डोळ्यांवर घट्ट बसणारा जाड चष्मा. त्यात दोन्ही डोळ्यांना थोडं वेगवेगळं चित्र दिसतं, म्हणून समोरचं खरंच वाटतं. मान वळवली की चित्रही वळतं. बसलोय ओसरीवर, पण वाटतं कारखान्यात उभ्या आहोत! एआरमध्ये समोरचं खरं जग दिसतच राहतं, त्यावर चित्र चढतं. मोबाइलमध्ये आपल्याच चेहऱ्यावर नथ, टिकली लावून बघतो ना, ते एआर.

एआर हे नाव 1990 च्या सुमारास अमेरिकेत, बोइंग या विमान कंपनीत पडलं. विमानात खूप वायरी जोडाव्या लागतात. कोणती वायर कुठे जाते, हे कामगाराला काम करतानाच डोळ्यांपुढे दिसावं, अशी ती कल्पना होती. पुढे 2018 मध्ये वॉलमार्टने आपल्या अमेरिकेतल्या दुकानांतल्या नोकरदारांना शिकवायला 17,000 व्हीआर चष्मे देणार असं जाहीर केलं. वेल्डिंगही असं शिकवतात. ठिणगी उडत नाही, हात भाजत नाही, लोखंड वाया जात नाही. चुकलं तर पुन्हा करायचं.

आपल्या लेकींना याचा फायदाच आहे. पण चष्म्यात धग लागत नाही, धूर नाकात जात नाही. भाकरी थापताना कितीही बघितली, तरी पीठ हाताला लागल्याशिवाय जमत नाही. तसंच हे.

म्हणून अशा कोर्सच्या फीसाठी गटात कर्जाची मागणी आली, तर पैसे देण्याआधी बैठकीत चार गोष्टी विचारा. खऱ्या यंत्रावर किती तास काम करायला मिळणार? प्रमाणपत्र कोण देणार, आणि काम देणारे ते मानतात का? मध्येच सोडावं लागलं तर फी परत मिळेल का? या चष्म्याने काहींना गरगरतं, मळमळतं. तसं झालं तर थांबायची मुभा आहे का? उत्तरं लेखी घ्या, इतिवृत्तात लिहा.

पोरीला शिकू द्या, अगदी वेल्डिंगसुद्धा. फक्त लक्षात ठेवा, चष्म्यातला कारखाना आभासी असला तरी कर्जाचा हप्ता खराच असतो.