विहीर खोदताना काठाकडे लक्ष हवे

(भूम येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बालाघाटच्या डोंगररांगेतील भूम तालुक्याला विहिरीचे महत्त्व सांगावयास नको. १९७२ च्या दुष्काळाने ते साऱ्या मराठवाड्याला शिकविले. परंतु विहिरीस पाणी किती लागले याची जितकी चौकशी होते, तितकी खोदकाम चालू असताना काठ किती सरकला याची होत नाही. आत उतरलेल्या माणसाचा जीव मात्र त्यावरच अवलंबून असतो.

आपल्याकडे वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. अखंड पाषाण उभा राहतो. माती व मुरूम मात्र आधार निघताच आत सरकू लागतात. काठाला समांतर पडलेली भेग ही ढासळण्याची सूचना होय. काळी माती उन्हाळ्यात एरव्हीही भेगाळते. म्हणून भेग रुंदावते आहे काय, हे मोजलेच पाहिजे.

मुंबईत ३३.५ किलोमीटर लांबीच्या भुयारी मेट्रो-३ चे खोदकाम चालू असताना जमिनीचे खचणे व इमारतींची हालचाल यंत्रांनी मोजली जात असे. तेच तत्त्व गावात साध्या साधनांनी पाळता येईल. भेगेच्या दोन्ही बाजूंस खुंट्या ठोकून त्यांतील अंतर रोज कामापूर्वी टेपने मोजावे. जवळच्या घरांच्या भिंतींतील जुने तडे काम सुरू होण्यापूर्वीच घरमालकासमक्ष नोंदवावेत व त्यांवर काचेची पट्टी पक्की बसवावी. तडा वाढला की पट्टी फुटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी-सास्तूर परिसरात दगडमातीच्या भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. सुरुंगाचा हादरा तेवढा नसतो हे खरे. तथापि अशा भिंती हादऱ्याला किती दुबळ्या असतात, हे त्या पहाटे दिसले. म्हणून वस्तीजवळ सुरुंग परवानाधारकाकडूनच व बेताच्या दारूने उडवावेत. उपसलेली माती काठावर रचू नये. तिच्या भाराने काठ लवकर ढासळतो.

शेवटी एक सूचना करतो. नोंदवही ठेवणाऱ्यास काम थांबविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीने ठरावाने द्यावा. अंतर वाढलेले दिसताच आधी माणसे वर घ्यावीत, चर्चा नंतर करावी. आणि काम थांबले त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही, असेही ठरवून ठेवावे. नाहीतर रोजगाराच्या चिंतेने दिसलेली भेगही कोणी सांगणार नाही.