मागचा बाक

महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आहेत. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडास येते व पुढे बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. वाड्या डोंगरात विखुरलेल्या, आणि पाऊस असा की वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटर ही संख्या तेथे कोणास नवल वाटावयास लावीत नाही. या भागातील माध्यमिक शाळेच्या एकाच वर्गात पेठेतील दुकानदाराचा मुलगा, कारखान्यातील कामगाराची मुलगी आणि पहाटे डोंगर उतरून आलेली धनगर वा कातकरी वाडीतील मुले शेजारी शेजारी बसतात. अशा वर्गांचे शिक्षक एकत्र जमले म्हणजे बोलणे सुरू होते ते अभ्यासक्रम वेळेत कसा संपवावा येथून. परंतु त्यांच्यातील एखादा केस पांढरे झालेला शिक्षक बोलू लागला की विषय हळूहळू मागच्या बाकाकडे वळतो.

महाडात या विषयास इतिहास आहे. रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ सालचा. शिष्यवृत्ती मिळविलेला हा हुशार विद्यार्थी महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मागावयास गेला, तेव्हा केवळ अस्पृश्य म्हणून त्यास प्रवेश नाकारण्यात आला. त्या पोरवयात त्याने वर्तमानपत्राकडे पत्र पाठविले. ते छापून आले आणि शाळेस दार उघडणे भाग पडले. तथापि त्याला बसावयास जागा मिळाली ती इतर मुलांपासून वेगळी. पुढे हेच मोरे १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या प्रमुख संघटकांपैकी एक झाले. परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, ही हकीकत श्रोत्यांस ठाऊकच आहे. मात्र तळ्याच्या हकीकतीपूर्वी वर्गातील जागेची ही हकीकत घडली होती, आणि ती शिक्षकाने तरी विसरू नये.

आज कायद्याने कोणासही वेगळे बसविता येत नाही. असे असूनही मागचा बाक आपोआप तयार होतो. लांबून चालत येणारे मूल उशिरा पोचते आणि उरलेल्या जागी बसते. घरची बोली पुस्तकाच्या भाषेहून निराळी असल्याने ते उत्तर देण्यास बिचकते. शिक्षकाची दृष्टी, जेथून उत्तर येण्याची खात्री असते तेथेच पुनः पुनः जाते. यात दुष्टावा कोणाचाच नसतो. परंतु वर्ष सरते तेव्हा चार-पाच मुलांशीच सारा संवाद झालेला असतो.

यावर अनुभवी शिक्षक जे उपाय एकमेकांस सांगतात, ते वरवर पाहता अगदी साधे असतात. दर आठवड्यास जागा बदलाव्या. सर्वांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून ज्याची चिठ्ठी निघेल त्यास विचारावे. म्हणजे कोणी सुटत नाही व कोणास मुद्दाम उभे केल्यासारखेही वाटत नाही. उत्तर आधी शेजाऱ्याच्या कानात सांगू द्यावे व मग वर्गापुढे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रश्न विचारून थांबावे. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा असे दिसून आले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले असता उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली, आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंदांस खर्च काहीच येत नाही. लागतो तो फक्त धीर.

प्रश्न कोणता, यासही महत्त्व आहे. गांधारी नदी महाडजवळ सावित्रीस मिळते. डोंगरात मुसळधार पाऊस आणि खाडीत भरती एकाच वेळी आली की पाणी पुढे सरत नाही व शहरात शिरते. भरती-ओहोटीचा धडा येथून आरंभिला, तर नदीकाठचे मूल गुरुजींहून अधिक सांगू शकते. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. त्या बाजूच्या मुलास इतिहासाच्या तासाला वाट दाखविणारा होता येते. ज्याला आपल्याजवळ काही आहे असे एकदा कळले, तो फार काळ मागे बसत नाही.

तथापि प्रत्येक मौन मोडावयाचे नसते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही तोच घाला पडला. अशा आपत्तीनंतर वर्गात परतलेल्या मुलास उत्तर विचारण्याची घाई करू नये. त्याच्या शेजारी दोन घटका बसणे, हाही अध्यापनाचाच भाग होय.

जवळच्याच दापोली तालुक्यातील पालगड येथे जन्मलेले साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. सहाच वर्षांची ती नोकरी. परंतु छात्रालयातील मुलांची अंथरुणे आवरणारा, त्यांचे कपडे धुणारा शिक्षक म्हणून ती महाराष्ट्राच्या स्मरणात राहिली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. मागे राहिलेल्यास पुढे आणण्याची छात्रालयातील वृत्तीच तेथे मंदिराच्या दारापर्यंत गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावरील शिक्षक आपल्या तीस-पस्तीस वर्षांचा जमाखर्च मांडतो, तेव्हा पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांची नावे त्यास चटकन आठवतात. ती मुले कदाचित त्याच्यावाचूनही पहिली आली असती. नावानिशी आठवून पाहावी ती मागच्या बाकावरची मुले. त्यांतील जितकी आठवतील, तितके त्याचे खरे संचित.