तंजावरची नेत्रचित्रे

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रे आणि पोथ्या यांच्या सान्निध्यात एक आगळा संग्रह जतन केलेला आहे. तो आहे नेत्ररुग्णांच्या नोंदींचा. आणि त्यांच्यासोबत आहेत विकारग्रस्त डोळ्यांची हाताने रंगविलेली चित्रे. १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या भोसले गादीवर असलेले दुसरे सरफोजी राजे यांच्या धन्वंतरी महालातील हे कागद होत. राजे स्वतः शस्त्र हाती घेऊन मोतीबिंदूवर उपचार करीत, असे परंपरा सांगते. त्याविषयी विद्वानांनी खुशाल वाद घालावा. परंतु रोग्याच्या डोळ्याचे चित्र काढून ठेवण्याची बुद्धी या दरबारास झाली, ही गोष्ट शस्त्र कोणाच्या हाती होते याहून मोलाची आहे.

असे का म्हणावे? सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्णिलेली रीत पाहावी. शलाका डोळ्यात घालून गढूळ झालेले भिंग दृष्टीच्या वाटेतून खाली ढकलावयाचे, तुपात भिजविलेला बोळा ठेवून पट्टी बांधावयाची, आणि रोग्याने शिंकणे, खोकणे, ढेकर देणेही टाळावयाचे. शलाका भलत्याच जागी लागली तर काय अनर्थ होतो, तेही ग्रंथकाराने सांगून ठेवले आहे. साधली म्हणजे आंधळा माणूस त्याच घटकेस समोरची बोटे मोजू लागे! त्या क्षणी या क्रियेस कोण नावे ठेवील? पण भिंग बाहेर गेलेले नसे; ते डोळ्यातच पडून राही. पुढे दाह होई, काचबिंदू होई, नेत्रपटल सुटे, आणि मिळालेली दृष्टी पुष्कळदा कायमची जाई.

फ्रान्समध्ये झाक् दाव्हिएल याने १७४७ साली भिंग बाहेर काढण्याचा मार्ग धरला. त्यात डोळ्यास मोठा छेद द्यावा लागे, म्हणून पहिल्या दिवसांतील धोका उघड दिसे. तरीही कालांतराने शलाकेची रीत मागे पडली.

आजचा हिशेबही तसाच आहे. लठ्ठपणासाठी जठराला वळसा देण्याच्या शस्त्रक्रियेत आतडे नव्याने जोडले असता त्याच्या आधारपडद्यात फटी राहतात. त्या टाके घालून बुजवाव्यात की तशाच सोडाव्यात? स्वीडनमधील १२ रुग्णालयांत २,५०७ रोग्यांवर याची पारख झाली. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. फटी बुजविलेल्यांत पहिल्या महिन्यात गंभीर उपद्रव किंचित अधिक निघाले. मात्र 3 वर्षांच्या अवधीत आतडे अडल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून साडेपाचांवर आले. पहिल्या महिन्यातच वही मिटली असती, तर निकाल नेमका उलटा लागला असता.