गोळ्या दोन होत्या
(महिला दिनानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. २५ वर्षांत जनरल बॉडीत बोलले ते फक्त पाण्याच्या टाकीवरून.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, सहा-सात वर्षांपूर्वी मी गणपतीच्या आरतीला येणं बंद केलं होतं. लिफ्टमध्येही मान खाली. ‘फार शिष्ट झालीय’ असं कानावर आलं. राग नाही, मलाही आपणच बिघडलोय असं वाटायचं. सकाळी उठवत नव्हतं, कुकर लावणंही जिवावर यायचं. केस गळत होते, वजन वाढत होतं, एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसायचे. उगाच रडू यायचं. ‘जगून काय करायचं’ असंही मनात येऊन गेलं. घरचे म्हणाले, पाळी जायचं वय आहे, होतं असं.

शेवटी मुलीनं मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. कुणी ओळखू नये म्हणून रिक्षात मी तोंडावर ओढणी घेतली होती! डॉक्टरांनी माझा बसलेला आवाज ऐकला, कोरडे हात पाहिले आणि आधी थायरॉइड तपासायला सांगितला. टीएसएच साधारण ०.४ ते ४ असावं; माझं ६८ निघालं.

गळ्यातली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिचं हार्मोन कमी पडलं की शरीराची सगळी कामं मंदावतात, तसा मेंदूही मंदावतो. रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी १९४९ मध्येच अशा १४ रुग्णांबद्दल लिहिलं होतं. मानसिक आजार दिसत होता, मूळ थायरॉइडमध्ये होतं.

मला थायरॉक्सिन सुरू झालं. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासानं. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या चार तासांनी. (मी आधी चहाबरोबरच घ्यायचे, म्हणून रिपोर्ट लवकर सुधारेना.) दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्ततपासणी. तीन-चार महिन्यांत अंगात जीव आला.

आता जे कधी सांगितलं नाही ते. टीएसएच जागेवर आलं तरी माझं मन पूर्ण वर आलं नाही. डॉक्टरांनी नैराश्याची गोळीही दिली. जवळजवळ वर्षभर घेतली, मग त्यांच्याच सल्ल्यानं हळूहळू बंद केली. सोसायटीत मात्र सगळ्यांना ‘थायरॉइड होता’ एवढंच सांगितलं. थायरॉइडची बाटली फ्रीजवर, दुसरी गोळी तांदळाच्या डब्यामागे.

गेल्या महिन्यात आपल्याच एका शेजारणीनं मला विचारलं, “माझा थायरॉइड नॉर्मल आलाय, मग मला का रडू येतं? मी नाटक करतेय का?” तेव्हा माझी मलाच लाज वाटली. माझं अर्धंच ऐकून ती स्वतःला खोटं ठरवत होती. नाही गं, नाटक नाही. थायरॉइड नॉर्मल असतानाही नैराश्य येतं, त्यालाही औषध असतं. परवा तिच्याबरोबर मी जाऊन आले, ओढणी न घेता.

अजून कुणाला यायचं असेल तर मी बी विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. सकाळी सातनंतर या. गोळी घेऊन झालेली असते, चहा तेव्हाच टाकते.