पाटी कुणासाठी असते?

(बिरवाडी येथे झालेल्या युवक मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि आजचा तरुण’ हा विषय दिला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, त्यामुळे कुठेही बोलावलं की हाच विषय माझ्या वाट्याला येतो. आज मी तो बाजूला ठेवतो आणि पाट्यांवर बोलतो. एसटीच्या पाट्या, रेल्वे स्टेशनच्या पाट्या आणि त्यांच्यावरची सारखी बदलणारी नावं. तंत्रज्ञान त्यात आपोआप येईल.

माझी नानी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली. उर्दू भराभर वाचायची, देवनागरी मात्र येत नव्हती. आपल्याकडे यात नवल नाही. इथे बसलेल्या अनेकांच्या घरात अशी एक तरी बाई असेल. तरीही नानी एकटी मुंबईपर्यंत जाऊन यायची. ‘महाड’ ही तीन अक्षरं तिने चित्रासारखी पाठ केली होती. बाकीचं काम रंग करायचा. लाल गाडी म्हणजे साधी, फाट्यावर थांबणारी. हिरवी-पांढरी म्हणजे एशियाड, भाडं जास्त, हात दाखवून थांबेलच असं नाही. एवढ्या ज्ञानावर तिने आयुष्यभर प्रवास केला.

एकदा परगावच्या एका स्टँडवर तिला आणायला मी उशिरा पोचलो. ती बाकड्यावर बसून होती. तिच्या समोरून महाडची गाडी निघून गेली होती. गाडीचा रंग नवा होता आणि पाटीच्या जागी सरकत जाणारी दिव्यांची अक्षरं होती. तिला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाची खासगी बस असेल. शेजारी बसलेल्या मुलाला विचारायची लाज वाटली. मला म्हणाली, “ती आपली नव्हती.” मी म्हटलं, “नानी, ती आपलीच होती.”

तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही. आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो, ती नानीची पाटी होती. ती कुणीतरी बदलली आणि तिला सांगितलं नाही.

एसटीने बदललेली नावं आठवून बघा. पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर धावली. त्यानंतर लोकांनी तिला लाल डबा म्हटलं, कौतुकाने लालपरीही म्हटलं. निमआराम गाडीला १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून एशियाड हे नाव चिकटलं. पुढे तिचं नाव हिरकणी झालं. मग शिवनेरी, परिवर्तन, यशवंती, अश्वमेध, २०१७ मध्ये शिवशाही, नंतर विठाई. २०२२ मध्ये त्याच १ जूनला, त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर विजेवरची शिवाई आली आणि त्यापाठोपाठ ई-शिवनेरी. हिरकणी तर आपल्याच तालुक्यातली. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेली गवळण. नाव सुंदर आहे, माझी काही तक्रार नाही. पण एशियाडची हिरकणी झाली तेव्हा त्या गाडीत नवं काय आलं, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

वेगळ्या नावाला माझा विरोध नाही. गाडी वातानुकूलित असेल, भाडं वेगळं असेल, तर नाव वेगळं हवंच. चढण्याआधी खिशातले पैसे मोजणाऱ्या माणसाला ते कळलं पाहिजे. फक्त मग शिवनेरी आणि शिवाई यांत फरक काय, हे त्या माणसाला नावावरून सांगता आलं पाहिजे. तुम्हाला येतं? मला इंजिनियर होऊन येत नाही. आणि एक गोष्ट सांगतो. आमच्या घरातल्या बायकांचा प्रवास वाढला तो कुठल्या नव्या रंगाने नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा वाढला.

गाडीचं खरं नाव काय असतं, हे आपल्या भागाला एका रात्रीने शिकवलं आहे. २ ऑगस्ट २०१६. राजेवाडीजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं वाहून गेली. त्या दिवसांत इथल्या प्रत्येकाच्या तोंडी दोनच नावं होती: जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली. कुठून निघाली आणि कुठे निघाली होती. घरचं माणूस त्या गाडीत होतं की नव्हतं, हे लोक त्या पाटीवरून शोधत होते. गाडी कोणत्या ब्रँडची, हे कुणी विचारलं नाही.

आता रेल्वेकडे येतो. आपलं स्टेशन वीर. १९९३ साली कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला, पूर्ण मार्ग १९९८ मध्ये. आपण म्हणतो ‘महाडचं स्टेशन’, पण नावात महाड नाही. बाहेरच्या माणसाला ते कळणार कसं? कोकण रेल्वेवर एक चांगली पद्धत आहे, ‘रोड’ लावण्याची. गोरेगाव रोड, संगमेश्वर रोड, राजापूर रोड. हा ‘रोड’ शब्द प्रामाणिक आहे. तो सांगतो, बाबा रे, तुझं गाव अजून आलेलं नाही, इथून रस्त्याने पुढे जायचंय. शिवाय मुंबईचं गोरेगाव वेगळं, हेही कळतं.

माझ्या हैदराबादच्या एका सहकाऱ्याला रायगड किल्ला बघायचा होता. त्याने तिकिटाच्या ॲपवर ‘रायगड’ शोधलं आणि मला फोन केला, “तुमची गाडी नागपूरवरून का जाते?” त्याला छत्तीसगडचं रायगढ मिळालं होतं. त्याला वीर हा शब्द कुणी सांगायचा?

नाव न बदलता कारभार बदलतो, तसा कारभार न बदलता नावही बदलतं. कोरोनानंतर पॅसेंजर गाड्या परत आल्या त्या एक्सप्रेस किंवा विशेष म्हणून. थांबे तेच, वेग तोच, क्रॉसिंगला बाजूला उभं राहणंही तेच. किमान भाडं मात्र १० रुपयांवरून ३० झालं. ते पुन्हा १० वर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. त्याच काळात दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर दिव्याहून सुटू लागली. म्हणजे आपल्या खालांनी आणि मावश्यांनी पिशव्या घेऊन लोकलने दिवा गाठायचा आणि मग गाडी पकडायची. पाटीवर एक शब्द बदलला होता, तो इथे प्रत्येकाच्या खिशाला आणि कमरेला कळला.

उलटं उदाहरणही देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता कुरकुरतो. दादरला पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वेचे प्लॅटफॉर्म १ पासून सुरू व्हायचे. ‘एक नंबरला भेट’ म्हटलं की दोघं दोन टोकांना उभे. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म ८ ते १४ झाले. ना उद्‌घाटनाचा गाजावाजा, ना कुणा महापुरुषाचं नाव. रोजच्या माणसाला थोडे दिवस त्रास झाला असेल, पण नव्या माणसाचा गोंधळ कायमचा संपला. मी याला चांगला बदल म्हणतो.

आमच्या कामात एक नियम असतो. नाव वेगळं आणि ओळख क्रमांक वेगळा. तुमच्या शाळेच्या दाखल्यावर जनरल रजिस्टर नंबर असतो, तसा. लग्न झालं, आडनाव बदललं, तरी तो नंबर बदलत नाही, म्हणून पन्नास वर्षांनीही नोंद सापडते. ज्यांच्या वडिलांचं नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरं आहे, त्यांना हे मी वेगळं समजवायची गरज नाही. एका वेलांटीसाठी तहसीलला किती खेपा होतात, ते या सभागृहाला माहीत आहे.

विमानवाले हा नियम पाळतात. बॉम्बेचं मुंबई झालं, पण विमानतळाचा कोड आजही बीओएमच आहे. रेल्वेने मात्र व्हिक्टोरिया टर्मिनसचं १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस केलं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं, आणि सीएसटीएम हा कोड सीएसएमटी केला. दोन अक्षरांची अदलाबदल. माझे अब्बा अजून व्हीटी म्हणतात आणि टॅक्सीवाला त्यांना बरोबर नेऊन सोडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये औरंगाबाद स्टेशनचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा एडब्ल्यूबी हा कोडही गेला आणि सीपीएसएन आला. नाव बदलायचा निर्णय सरकारचा. पण आतला कोड बदलून प्रवाशाला काय मिळालं, हा माझा इंजिनियर म्हणून प्रश्न आहे.

औरंगाबादचं नाव घेतल्यावर सभागृह जरा शांत झालं. मला ठाऊक होतं. त्यावरही बोलतो.

‘नावात काय आहे’ असं मी म्हणणार नाही. १९२७ मध्ये ज्या महाडात माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायला गेली, तिथे उभं राहून प्रतिष्ठेचे प्रश्न फालतू आहेत असं कोण म्हणेल? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळायला १९७८ चा ठराव ते १४ जानेवारी १९९४ इतका काळ लागला, माणसांनी जीव गमावले. नाव लागतं, आणि काढलेलं नावही लागतं. औरंगाबाद, उस्मानाबाद ही नावं पाटीवरून गेली तेव्हा मलाही टोचलं. काहींना तेच हवं होतं, हेही मला दिसतं.

पण आपल्याच जिल्ह्याची गोष्ट आठवा. हा जिल्हा कुलाबा होता. १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाला. त्या वेळी मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे, कोकणी मुसलमान. शिवरायांच्या राजधानीचं नाव या जिल्ह्याला दिलं गेलं ते त्यांच्या कारकिर्दीत. म्हणून प्रत्येक नामांतर म्हणजे आपल्यावर हल्ला, हे गणित माझ्याच्याने मांडवत नाही. काही नामांतरं तशी असतात, काही नसतात. प्रत्येकाचा वेगळा विचार करायचा कंटाळा आपण करतो.

औरंगाबाद आणि उस्मानाबादचं नामांतर मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कायम ठेवलं. ती लढाई लढणाऱ्यांचा मला आदर आहे. पण दुसरा एक निकाल आपल्यात फारसा कुणी वाचलेला नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होतं. ते काढावं म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मराठीबरोबर उर्दू लिहायला कायद्याची मनाई नाही, भाषा ही लोकांपर्यंत पोचण्यासाठी असते. माझ्या नानीची केस यापेक्षा चांगली मला मांडता आली नसती. मराठी वर, मोठी, ठळक. ती आपलीच भाषा आहे, मी याच भाषेत बोलतोय. तिच्या खाली एक ओळ, ज्याला वरची वाचता येत नाही त्याच्यासाठी.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. त्यात फजितीच जास्त आहे. आम्ही चार मित्रांनी सुट्टीत दोन दिवस नाक्यावर बसून कोणती गाडी किती वाजता येते, पाटीवर काय असतं, हे वहीत लिहिलं. वीरला थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळा त्याला जोडल्या. मग मी माझं शिक्षण वापरलं. वेबपेज बनवलं, क्यूआर कोड छापला आणि दुकानाच्या भिंतीवर चिकटवला. तीन आठवड्यांत ते पान अकरा वेळा उघडलं गेलं. त्यातले सात वेळा मी. एका म्हाताऱ्या चाचांनी विचारलं, “हे जाहिरातीचं काय रे, नुसतं काळं काळं?”

मग दुकानदारानेच एक जुना फळा दिला. त्यावर खडूने वेळा लिहिल्या. डावीकडे मराठीत, उजवीकडे उर्दूत. साध्या गाडीपुढे लाल खडूने ठिपका, जास्त भाड्याच्या गाडीपुढे हिरवा. गाडी रद्द झाली तर रेघ मारायची. पहिल्याच आठवड्यात एका बाईने येऊन सांगितलं की सकाळची एक वेळ चुकली आहे, ती दहा मिनिटं आधी येते. म्हणजे कुणीतरी वाचत होतं. आता लोक गाडी चुकली की आम्हाला शिव्या देतात, सरकारला नाही. ही प्रगती म्हणायची की काय, माहीत नाही.

नानी तो फळा बघायला राहिली नाही.

फळा रोज सकाळी सातच्या आत पुसून लिहावा लागतो. सोमवार ते शुक्रवार माणसं ठरलेली आहेत, रविवारी मी येतो. शनिवार रिकामा आहे. उर्दू अक्षर बरं असलेलं कुणी असेल तर चहा संपायच्या आत मला भेटा. खडू माझ्या बॅगेत आहेत.